कयाकमधून फ्लायवर बास गरवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेन्व्हरला असताना ट्राउट माशांसाठी फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसा-केसांच्या नकली भक्ष्यावर (फ्लायवर) गरवणं शिकलात, पाच नंबरचा रॉड आहे. ऑस्टिनला आल्यावर साडेदहा फुटी सिट-ऑन-टॉप (वर उघड्यावर बसायची) कयाक घेतलीत आणि शहरातल्या लेडी बर्ड लेकवर चार वेळा जाऊन आलात. बसून कास्ट, म्हणजे लाइनची फेक, बारा मीटरच्या पुढे जात नाही, लाइन पायांत गुंतते, वारा कयाक फिरवतो, आणि पॉपरवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायवर, बास हा शिकारी मासा झेप घेतो पण लागत नाही. म्हणून विचारलंत, की बसल्या जागेवरून लांब कसं फेकायचं?

लांब फेकायच्या मागे सध्या लागूच नका. बारा मीटर पुरतात. मी सतरा वर्षं मध्य टेक्ससात कयाकमधून बास गरवतोय, आणि माझे बहुतेक मासे दहा मीटरच्या आतले आहेत. तुम्ही मांडलेल्या चार अडचणींपैकी निदान अडीच होडीच्या आहेत, हाताच्या नाहीत. पाण्याच्या पातळीवर बसलेला, इंजिनाचा आवाज नसलेला माणूस माशाच्या जितका जवळ जाऊ शकतो तितकं मोठ्या बोटीवर उभ्या असलेल्या माणसाला जाता येत नाही. लेडी बर्ड लेकवर तर पेट्रोलच्या इंजिनाला बंदीच आहे. जवळ जायचं, थांबायचं आणि मग फेकायचं. हा क्रम बसला की कास्टची चिंता निम्मी संपते.

आधी वाऱ्याचं बघू. वारा पाठीमागून असला की कास्ट सोपी वाटते, पण कयाक तुमच्याच फ्लायवर चालून जाते. लाइन सैल पडते आणि त्या सैल लाइनवर मासा येऊन गेलेला कळतही नाही. तुमच्या न लागणाऱ्या बासांपैकी काही इथेच सुटत असणार. उपाय स्वस्त आहे. कयाकच्या एका बाजूला पुढून मागे अशी दोरी दोन लहान पुलींमधून फिरवून घ्या. तिला अँकर ट्रॉली म्हणतात. दीड किलोचा घडीचा नांगर त्या दोरीतल्या कडीतून सोडायचा आणि कडी सरकवून पार मागच्या टोकाला न्यायची. कयाकचं नाक आपोआप वारा जातो त्या दिशेला वळून स्थिर होतं, पाठीवर वारा घेऊन समोर फेकता येतं आणि होडी जागची हलत नाही. दोरी पाण्याच्या खोलीच्या तिप्पट तरी सोडा, नाहीतर नांगर चिखलावरून घसरत राहतो. तीन-चार फूट पाण्यात नांगराचीही गरज नाही, फायबरची काठी तळात रोवली की झालं. उघड्या पाण्यात वाऱ्याबरोबर सरकत गरवायचं असेल तर ड्रिफ्ट सॉक, म्हणजे पाण्यात ओढत राहणारं कापडी नरसाळं, वेग निम्म्यावर आणतं. आणि एक गोष्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही: दोन्ही पाय बाहेर पाण्यात सोडून बसा. उजवा पाय थोडा खाली दाबला की नाक उजवीकडे वळतं. हातातला रॉड न सोडता एवढं सुकाणू पुरतं.

उजव्या हाताने फेकत असाल तर किनारा डावीकडे ठेवा. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर नाक बाराकडे, लक्ष्य दहा-अकराकडे. मग मागची कास्ट चार-पाचच्या दिशेला जाते आणि हूक डोक्यावरून न जाता उजव्या अंगाने मोकळा जातो. उजवीकडून जोराचा वारा असेल तर मी जागाच बदलतो. दोन नंबरचा हूक कानाच्या पाळीत घुसलेला मी जवळून पाहिला आहे.

आता पायात गुंतणारी लाइन. फ्लाय लाइनला अडकायला काहीही चालतं: पायाचे पेडल, रॉड होल्डर, पाण्याच्या बाटलीचं झाकण, सँडलचा पट्टा, वल्ह्याचं टोक. कयाकवर मांडीपासून पुढे काहीही उघडं असता कामा नये. दुसरा रॉड न्यायचा मोह सोडा. फ्लायचा डबा सीटखाली आणि वल्हं डाव्या कुशीला क्लिपमध्ये. मी एक जुना पंचा भिजवून दोन्ही मांड्यांवर पसरतो, तो पेडलांपर्यंत जातो. ओढलेली लाइन त्या ओल्या पंचावर पडते आणि तिथेच राहते. बरेच जण कपडे ठेवायची घडीची जाळीदार टोपली दोन पायांमध्ये ठेवतात, तीही चांगली. पण पंचाला पैसे पडत नाहीत, आणि दुपारी तोच डोक्यावर घेता येतो.

रॉडबद्दल मी स्पष्ट सांगतो: पाच नंबर इथे चालणार नाही. दोष माशाच्या वजनाचा नाही, दोन पौंडांचा बास पाच नंबरवर आरामात येईल. प्रश्न फ्लायचा आहे. बासचा पॉपर किंवा हरणाच्या केसांचा बेडूक म्हणजे हवेत फेकलेली पिसांची जुडी. तिला ओढून नेणारं वजन लाइनमध्ये लागतं. लाइनचा नंबर ठरतो तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावर: पाच नंबरचं १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम, आठ नंबरचं २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. हा साडेचार ग्रॅमचा फरक पॉपर उलटून पुढे पडतो की तुमच्या टोपीवर येतो ते ठरवतो. एकच घ्यायचा असेल तर नऊ फुटी आठ नंबर घ्या. नद्यांवर जास्त जाणार असाल तर सात. लाइन तरंगणारी, आखूड आणि जड डोक्याची, बास टेपर नावाने विकतात ती. ती आठ-नऊ मीटरवरच रॉड वाकवते, त्यामुळे हवेत चारचार वेळा मागेपुढे करावं लागत नाही. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा, साडेसात फूट पुरे, टोकाला बारा ते सोळा पौंडी. बास लीडरला बुजत नाही. ट्राउटचे बारीक टिपेट (लीडरच्या टोकाचे दोरे) घरी ठेवा.

बसून कास्ट करताना एकच भौमितिक अडचण आहे: तुमचा खांदा जवळजवळ एक मीटर खाली आला. उभं असताना जी मागची कास्ट पाण्यावरून सहज जायची ती आता पाण्याला थापड मारते. म्हणून मागची कास्ट मागे नव्हे, वर फेका, खांद्यामागच्या झाडाच्या शेंड्याकडे. सुरुवातीला रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं असू द्या, सगळी सैल लाइन ओढून घ्या आणि मगच उचला. रॉड कानाजवळ थांबला पाहिजे. जड फ्लाय असेल तर मागची कास्ट बाजूने खालून आणि पुढची डोक्यावरून, असा लंबगोल काढा. सरळ रेषेत मागेपुढे केलं की जड (धातूच्या) डोळ्यांची फ्लाय झटका देते. बसून दोन खोट्या कास्टच्या (लाइन खाली न टाकता हवेतच मागेपुढे करण्याच्या) वर मी जात नाही. कमरेतून मागे झुकायची सवय मात्र आजच सोडा, त्याने कयाक डोलते आणि तिच्या लाटा फ्लायच्या आधी किनाऱ्याला पोहोचतात.

आता मुख्य दुखणं: झेप घेतो पण लागत नाही. तुमचा हात ट्राउटचा आहे. मासा आला की रॉड वर जातो. ट्राउटला ते ठीक, बारीक हूक, मऊ तोंड. बासचा हूक जाड तारेचा, तोंड हाडाचं, आणि रॉड वर उचललात की तुमचा सगळा जोर रॉडच्या वाकण्यात मुरतो, हुकापर्यंत पोहोचतच नाही. वर पॉपर माशासमोरून निघून जातो तो वेगळाच. इथे रॉड हलवायचाच नाही. टोक पाण्याला टेकलेलं, नेम माशाकडे, आणि डाव्या हाताने लाइन एक हातभर, सरळ मागे, जोरात ओढायची. याला स्ट्रिप स्ट्राइक म्हणतात. हूक बसला तर बसला. नाही बसला तर पॉपर फूटभरच सरकतो आणि मासा परत येतो. मी एकाच बासला एकाच पॉपरवर तिसऱ्या झेपेला पकडलं आहे, कारण पहिल्या दोन वेळा फ्लाय त्याच्या घरातच राहिली.

बास खातो कसा तेही लक्षात घ्या. तो चावत नाही, गिळतो. तोंड उघडताना कल्ले फुगवतो आणि समोरचं पाणी फ्लायसकट आत खेचतो. लाइन अगदी ताठ असेल तर पॉपर आत जायलाच कचरतो, आणि तुम्ही पाणी उडालेलं पाहून ओढलंत तर हूक उघड्या तोंडातून बाहेर येतो. म्हणून डोळ्यांवर नाही, बोटांवर विश्वास ठेवा. पाणी फुटेल, काळीज धडधडेल, तरी लाइनमध्ये वजन जाणवेपर्यंत थांबा. अर्धा सेकंदच असतो तो.

कोकणात, धरणाच्या कडेला किंवा बंधाऱ्यात मरळ गरवलेला कुणी हे वाचत असेल तर त्याला हे सांगावं लागणार नाही. मरळ आणि लार्जमाउथ बास (म्हणजे तुमचा तलावातला बास) एकमेकांचे नातेवाईक नाहीत, पण स्वभाव शेजाऱ्यांसारखे. दोघंही गवताच्या काठाशी दबा धरतात, दोघांनाही पाण्यावरचा बेडूक सोडवत नाही, आणि दोघंही पिल्लांची राखण करतात. मरळीच्या लालसर पिल्लांचा पुंजका जसा पाण्यात वर-खाली होतो तशी बासची काळपट पिल्लं घरट्यावर घोटाळतात, आणि नर खाली पहारा देतो. लहानपणी वडिलांबरोबर गरवायला जायचो तेव्हा ते एकच सांगायचे: बेडूक पडला की श्वास धर. टेक्ससात पहिल्या वर्षी मला ते आठवलं नाही. आठवल्यावर मासे लागायला लागले.

गेल्या मे महिन्यातली एक सकाळ सांगतो, म्हणजे मी कशाबद्दल बोलतोय ते दिसेल. साडेसहा वाजले होते, वारा नव्हता. किनाऱ्याला सायप्रसची मुळं पाण्यात गुडघ्यांसारखी वाकलेली, त्यांच्या पुढे पाणवनस्पतींचा पट्टा आणि मुळं आणि पट्टा यांच्यामध्ये जेमतेम दोन फूट काळं पाणी. मी काठी रोवून नऊ मीटरवर थांबलो आणि पाच मिनिटं काहीच केलं नाही. माझ्या येण्याने गप्प झालेले ब्लूगिल हे लहान मासे पुन्हा पृष्ठभागावर चुटचुट खायला लागले, तेव्हा पिवळा पॉपर त्या फटीत टाकला. टप् असा आवाज झाला, वर्तुळं सुटली. एक निळी टाचणी, ती चतुरासारखी बारीक असते ना, येऊन माझ्या रॉडच्या टोकावर बसली. वर्तुळं विरून जाईपर्यंत पॉपर हलवला नाही. मग बोटभर ओढला, फक्त त्याचे रबरी पाय थरथरतील इतकाच. पट्ट्यातली एक काडी बाजूला झाली. वारा नसताना काडी बाजूला झाली म्हणजे खाली कुणीतरी वळलंय. पुन्हा बोटभर. पॉपर दिसेनासा झाला, आवाज फारसा नाही, दारावर हाताने थाप मारल्यासारखा एकच. लाइन जड झाली, हातभर ओढली आणि मासा सरळ वनस्पतींच्या पट्ट्यात घुसायला निघाला. रॉड आडवा खाली दाबून त्याचं डोकं वळवलं, आणि कयाक काठीभोवती अर्धी फिरली. साडेतीन-चार पौंडांची मादी होती, बाजूवरची काळी पट्टी रुंद, जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेला. लार्जमाउथची तीच खूण.

मासा जवळ आणतानाही बसलेल्या माणसाला एक धोका आहे. नऊ फुटी रॉड डोक्यावर उभा धरून मासा हाताशी ओढायला गेलात तर रॉडचं टोक मोडतं. रॉडच्या लांबीएवढी लाइन बाहेर ठेवा, रॉडचा हात मागे लांबवा आणि मासा बाजूला आणून खालच्या ओठात अंगठा घाला. मोठा मासा नुसत्या जबड्यावर आडवा लोंबकळवू नका, दुसरा ओला हात पोटाखाली हवा. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चेपून टाका. माशासाठी तर हवंच, पण कयाकमध्ये हूक कुणाला लागणार हे ठरलेलं नसतं, तुमच्या मांडीसाठीही.

फ्लायच्या डब्याबद्दल फार लिहीत नाही, कारण लोक तिथेच अडकून पडतात. चार प्रकार ठेवा. पाण्यावर पॉपर, चार ते दोन नंबरच्या हुकावर, समोर गवतात अडकू नये म्हणून नायलॉनच्या वळ्याचा वीड गार्ड असलेला. मधल्या पाण्यात काळा किंवा ऑलिव्ह वूली बगर, म्हणजे केसाळ अळीसारखी फ्लाय. खोल जायला क्लाउझर मिनो. पेनसिल्व्हेनियाच्या सस्क्वेहॅना नदीतल्या स्मॉलमाउथ बाससाठी बॉब क्लाउझर यांनी ती १९८७ साली बांधली. तिच्या डंबेलसारख्या डोळ्यांमुळे हूक उलटा, वर तोंड करून चालतो आणि तळात कमी अडकतो. चौथा, क्रॉफिशचा (नद्यांतल्या छोट्या शेवंडासारख्या प्राण्याचा) कुठलाही तपकिरी नमुना. नद्यांच्या दगडी तळात बासचं रोजचं जेवण तेच.

नद्यांचा विषय निघालाच, तर ग्वाडालूप बाससाठी तुम्ही तिकडे जाणारच. १९८९ पासून तो टेक्ससचा राज्यमासा आहे आणि जगात फक्त इथेच, मध्य टेक्ससच्या वाहत्या नद्यांमध्ये राहतो. आकाराने लहान, विक्रमी मासासुद्धा ३.७१ पौंडांचाच, २०१४ साली ऑस्टिनच्या खालच्या कोलोरॅडो नदीतला. (नावाला फसू नका, ही टेक्ससची कोलोरॅडो, तुमच्या डेन्व्हरकडची नव्हे.) पण प्रवाहात उभा राहून लढतो, त्यामुळे हाताला दुप्पट वाटतो. १९७० च्या दशकात इथे बाहेरून स्मॉलमाउथ आणून सोडले, त्यांच्याशी संकर होऊन काही नद्यांतला शुद्ध ग्वाडालूप जवळपास नाहीसा झाला. सरकारी मत्स्यकेंद्रांनी पुढे वर्षानुवर्षं पिल्लं सोडून तो परत आणला. म्हणून माझी विनंती आहे, लागलेला प्रत्येक ग्वाडालूप परत सोडा. कायद्याने ठेवता येतो, तरीही.

तलावात शिकलेली नांगराची युक्ती नदीत मात्र विसरा. हे मी स्वतःच्या अंगावर घेऊन शिकलो. तिसऱ्या वर्षी एका वळणावर मी नांगर कयाकच्या मध्यावर, सीटशेजारी बांधला, कारण तिथे हात पोहोचत होता. प्रवाहाने कयाक आडवी झाली, दोरी ताणली गेली, वरची कड पाण्याखाली दबली आणि मी तीन सेकंदांत पाण्यात होतो. पाणी छातीभरच होतं, पण पायात फ्लाय लाइनचे वेढे पडले होते. लाइफ जॅकेटने डोकं वर ठेवलं आणि जॅकेटवर लावलेल्या चाकूने लाइन कापली. त्या दिवसापासून प्रवाहात मी नांगर टाकत नाही. कयाक गवताळ बेटाला किंवा वाळूच्या पट्ट्याला लावतो, उतरतो आणि उभ्याने गरवतो. टेक्ससात प्रत्येकामागे एक लाइफ जॅकेट होडीत असणं सक्तीचं आहे, तेरा वर्षांखालच्यांनी ते घातलेलंच पाहिजे. तुम्ही घातलेलंच ठेवा. सीटमागे कोंबलेलं जॅकेट उलटल्यावर सापडत नाही. आणि उन्हाळ्यात एकदा किनाऱ्याजवळ मुद्दाम कयाक उलटवून परत चढायचा सराव करा, रॉड घरी ठेवून.

हिल कंट्रीच्या, म्हणजे ऑस्टिनच्या पश्चिमेच्या डोंगराळ भागाच्या नद्या आकाश निरभ्र असतानाही वाढतात, कारण पाऊस चाळीस मैल वर पडलेला असतो. चुनखडीची उघडी जमीन पाणी धरत नाही. ४ जुलै २०२५ च्या पहाटे ग्वाडालूप नदीला आलेल्या पुरात शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात मुलं होती. निघण्याआधी नदीच्या पातळीचे सरकारी आकडे आणि वरच्या खोऱ्यातला पाऊस दोन्ही बघा. ऑस्टिनच्या खाली धरणातून पाणी सोडलं जातं, तेही बघा. रात्री नदीकाठी वाळूवर तंबू ठोकून राहू नका.

हंगामाचं थोडक्यात. फेब्रुवारीअखेरपासून, पाणी साधारण १६ अंशांच्या पुढे गेलं की लार्जमाउथ उथळ पाण्यात घरटी करतात. घरट्यावरच्या नराला फ्लाय दाखवणं मला पटत नाही. तो हलला की ब्लूगिल अंडी फस्त करतात. मे-जून पॉपरचे. जुलै-ऑगस्टमध्ये उजाडतानाचा आणि मावळतीचा एकेक तास, बाकी वेळ घरी. कडक उन्हाळ्यात आणि कडक थंडीतही लेडी बर्ड लेकवर बार्टन क्रीकचं मुख विसरू नका: बार्टन स्प्रिंग्जचं पाणी बाराही महिने २०-२१ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे उन्हाळ्यात ते गार आणि जानेवारीत ऊबदार. सुट्टीच्या दिवशी तिथे पॅडलबोर्डांची गर्दी होते, आठवड्यात मधल्या दिवशी पहाटे जा. मासे गरवायचं साधं वार्षिक लायसन्स १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं चालतं, ते ऑगस्टमध्ये घेऊ नका. आणि तलावातून निघताना कयाकमधलं पाणी पूर्ण काढून वाळवा. या तलावांत झेब्रा शिंपले आहेत, ते एका ओल्या नांगरदोरीवरून दुसऱ्या नदीत जातात.

पुढच्या वेळी असं करून बघा. आठ नंबरचा रॉड येईपर्यंत पाच नंबरवर हलका, लहान पॉपर बांधा, हूक मोडून. त्या सकाळी मासा पकडायचाच नाही. काठी रोवा, पाच मिनिटं थांबा, नऊ मीटरवर टाका, आणि झेप आली की रॉड न हलवता फक्त डावा हात ओढा. हूक नसल्यामुळे मासा सुटणार हे माहीत असतं, म्हणून हात घाई करत नाही. वीसेक झेपा अशा घेतल्यात की मला कळवा, मग मी तुम्हाला ऑस्टिनखालच्या कोलोरॅडोवर कयाक कुठे उतरवायची ते सांगतो.